तळाशी गारठा, वर येताना ऊब

नदीत कुणी बुडालं की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक वाक्य हमखास असतं: 'ऑक्सिजन सिलिंडर लावून पाणबुडे पाण्यात उतरले.' परवा माझ्या धाकट्या बहिणीनं तेच वाचलं आणि काळजीनं विचारलं, "दादा, पोराला तिकडं एवढ्या गार पाण्यात ऑक्सिजन पुरेल का रे?"

पोरगा म्हणजे माझा भाचा. पंचगंगेच्या घाटावर पोहायला शिकला, तारकर्लीत डायव्हिंग शिकला आणि आता दोन मित्रांना घेऊन स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनी बेटांमधल्या स्कापा फ्लो या समुद्रात बुडालेली युद्धनौका बघायला निघालाय. तयारीची वही घेऊन रोज संध्याकाळी तो माझ्याकडं येऊन बसतो.

आधी बहिणीच्या प्रश्नाचं उत्तर. त्या सिलिंडरमध्ये आपण श्वासात घेतो तीच हवा असते, दाबून भरलेली. कधी नायट्रॉक्स असतो, म्हणजे ऑक्सिजनचं प्रमाण थोडं वाढवलेली हवा. शुद्ध ऑक्सिजन घेऊन ३५ मीटरवर गेलं तर आकडी येऊन माणूस तिथंच बुडेल. ६ मीटरच्या खाली तो वापरतच नाहीत.

स्कापा फ्लोची गोष्ट पहिल्या महायुद्धाच्या शेवटची. शस्त्रसंधीनंतर जर्मन आरमाराची ७४ जहाजं तिथं ब्रिटिशांच्या नजरकैदेत होती. ती शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून २१ जून १९१९ रोजी अ‍ॅडमिरल लुडविग फॉन रॉयटर यांनी ती बुडवण्याचा हुकूम दिला. खलाशांनी तळाच्या झडपा उघडल्या आणि ५२ जहाजं बुडाली. पुढं बरीचशी भंगारासाठी वर काढली गेली. क्योनिग, क्रोनप्रिन्झ विल्हेल्म आणि मार्कग्राफ या १९१६ च्या जटलंडच्या लढाईत लढलेल्या तीन युद्धनौका आणि चार क्रूझर मात्र अजून तिथं आहेत. वरच्या तोफांच्या वजनानं तिन्ही युद्धनौका बुडताना उलटल्या. मार्कग्राफ ४५ मीटरवर पालथी पडली आहे. ही जहाजं संरक्षित आहेत, त्यांतला एक बोल्टही उचलायचा नाही. जवळच १९३९ साली जर्मन पाणबुडीनं बुडवलेली रॉयल ओक आहे. तिच्यात ८०० हून अधिक खलाशी गेले. ती समाधी मानली जाते आणि तिथं बुडी मारायला बंदी आहे.

आता गारठा. ऐन उन्हाळ्यातही तिथलं पाणी १३-१४ अंशांच्या आसपास असतं. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगानं उष्णता वाहून नेतं. अशा पाण्यात एकदम पडलं की माणसाला न आवरणारी धाप लागते आणि पहिलाच श्वास पाण्याखाली घेतला जातो. आपल्याकडं विहिरीत, डोहात पट्टीचा पोहणारा बुडाला की 'साती आसरांनी ओढला' म्हणतात. आसरांना नारळ वाहून ही धाप थांबत नाही. हळूहळू पाण्यात उतरायची सवय मुलांना लावली तर जीव वाचतील.

पण भाच्याला मी दोन संध्याकाळी घालवून समजावलं ते नायट्रोजनचं. एक सोड्याची बाटली फ्रिजमध्ये ठेवली, दुसरी दुपारभर गच्चीवर उन्हात. दोन्ही उघडल्या. गार बाटली नुसती फुसफुसली. तापलेलीचा फेस त्याच्या मनगटावरून थेट वहीवर उतरला. दाबाखाली वायू द्रवात विरघळतो, दाब सुटला की बुडबुडे होऊन बाहेर येतो, आणि द्रव तापलेला असेल तर जास्तच जोरानं. ३५ मीटरवर दाब साडेचार पट असतो, त्यामुळे श्वासातला नायट्रोजन रक्तातून स्नायूंत, चरबीत, सांध्यांत मुरतो. भरभर वर आलं की तो तिथंच फेसाळतो. यालाच बेंड्स म्हणतात.

नायट्रोजन मुरतो आणि निघतो तो रक्ताच्या वाटेनं. शरीर उबदार असेल तर हातापायांत रक्त भरपूर खेळतं, गारठलं की तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात. म्हणजे तळाशी ऊब असेल तर नायट्रोजन भरपूर आत जातो आणि वर येताना गारठलं तर तो आतच कोंडतो. अमेरिकी नौदलानं हे प्रयोगानं तपासलं, त्याचा अहवाल २००७ चा. सुमारे ३७ मीटरइतक्या दाबाखाली काहींना ३६ अंशांच्या पाण्यात ठेवून २७ अंशांत वर आणलं, काहींना उलट क्रमानं. तळाशी ऊब आणि वर येताना गारठा सोसलेल्यांना फक्त ३० मिनिटांच्या बुडीनंतरही सुमारे २२ टक्के वेळा बेंड्स झाले. उलट क्रमाच्या गटात बुडी ७० मिनिटांची असूनही प्रमाण दीड टक्क्याच्या आत राहिलं.

वर येताना कुठं किती थांबायचं ते सांगणारा मनगटावरचा डायव्ह कॉम्प्युटर हे सहसा धरत नाही. त्यात वापरल्या जाणाऱ्या, स्विस डॉक्टर ब्यूलमान यांच्या गणितात शरीराचे १६ कप्पे कल्पिलेले असतात. प्रत्येकाचा अर्धभरण-काळ, म्हणजे नायट्रोजननं अर्धा भरायला लागणारा वेळ, वेगळा, काही मिनिटांपासून ६३५ मिनिटांपर्यंत, आणि त्यावरून कुठं किती थांबायचं ते निघतं. बोटं बधिर झाली म्हणून ते काळ बदलत नाहीत. रक्तप्रवाह नेहमीसारखाच आहे असं गणित समजून चालतं.

म्हणून बॅटरीवर तापणाऱ्या बंडीची जाहिरात बघून भाचा खूश झाला तेव्हा मी त्याला थांबवलं. ती तळाशी चालवली आणि वर येताना बॅटरी संपली, तर प्रयोगातला तो धोक्याचा क्रम आपण स्वतःच विकत घेतला. 'बाहेर आल्यावर थोडी ब्रँडी' म्हणणाऱ्या मित्रालाही सांगितलं, दारूनं कातडीतल्या रक्तवाहिन्या फुलतात, ऊब वाटते, पण आतली उष्णता बाहेर जाते. कढत पाण्याची अंघोळही लगेच नको. कातडी एकदम तापली की सोड्याच्या बाटलीसारखंच होतं.

आता वहीत ड्राय सूट, म्हणजे आत पाणी न शिरू देणारा पोशाख आहे, आत लोकरीचा जाड थर, जाड हातमोजे आणि थंड पाण्यासाठीचा रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली दाबलेली हवा श्वासाजोगी करून तोंडाशी देणारं यंत्र, कारण दाबातून सुटणारी हवा इतकी गार होते की साधा रेग्युलेटर अतिथंड पाण्यात गोठून अडकू शकतो. काल भाच्यानं फेसाचा डाग पडलेल्या पानावर लाल पेनानं लिहिलं: बंडी तळाशी बंद, वर निघताना चालू.