तात्पर्य आणि प्रत्यय: विनोदी सिनेमातून आपण काय घेऊन येतो?

'वळू' बघून आम्ही लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या सभागृहातून बाहेर पडलो. रिक्षाची वाट बघता बघता आत्या म्हणाली, "हसले बाई खूप. पण त्यांना सांगायचं काय होतं?"

जरा वेगळ्या वाटेच्या विनोदी सिनेमानंतर पुण्यात हा प्रश्न हमखास कानावर पडतो. प्रश्न प्रामाणिक असतो, पण त्यात दोन गोष्टींची सरमिसळ होते. सिनेमाचं तात्पर्य एक आणि त्याचा प्रत्यय दुसरा.

तात्पर्य म्हणजे इसापनीतीच्या गोष्टीखाली जाड ठशात छापलेलं वाक्य. ते गोष्टीपासून सुटं करता येतं आणि सिनेमा न बघितलेल्यालाही सांगता येतं. प्रत्यय तसा हातावर ठेवता येत नाही. एखादी गोष्ट स्वतःला जाणवून पटते तो प्रत्यय, आणि त्यासाठी दोन तास अंधारात बसावंच लागतं.

'वळू'चंच घ्या. २००८ सालचा हा सिनेमा उमेश कुलकर्णी यांचा. ते ज्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकले, तीही याच रस्त्यावर. कुसवडे गावात देवाच्या नावानं सोडलेला डुरक्या नावाचा वळू आहे. गावात काहीही बिघडलं की खापर त्याच्यावर फुटतं, आणि मग त्याला पकडायला वनखात्याचा अधिकारी येतो. 'खरं मोकाट जनावर माणूसच' असं तात्पर्य काढता येईल, चुकीचंही ठरणार नाही. पण हे वाक्य आपल्याला आधीपासून ठाऊक होतं, त्यासाठी सिनेमा कशाला हवा?

सिनेमा वेगळंच काही देतो. अधिकाऱ्याबरोबर त्याचा धाकटा भाऊ कॅमेरा घेऊन आलाय, त्याला या मोहिमेवर माहितीपट करायचाय. गावकरी डुरक्याबद्दल बोलू लागतात आणि ऐकता ऐकता आपल्याला डुरक्यापेक्षा बोलणाराच जास्त कळत जातो. त्याची हौस, त्याची भीती, शेजाऱ्याशी असलेलं जुनं वाकडं. आपण हसतो, आणि हसताना त्या माणसांचा राग येत नाही. माझ्या मते या सिनेमाचं सगळं बळ या राग न येण्यात आहे.

नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगितलेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित. आपल्या बहुतेक लोकप्रिय विनोदी सिनेमांना शेवटच्या टोकाचं, डोळ्यांत पाणी आणणारं हसू हवं असतं. 'वळू'सारखे सिनेमे मात्र बराच वेळ स्मित आणि हसित यांच्या आसपास रेंगाळतात. मोठ्यानं हसू आलं नाही की प्रेक्षकाला वाटतं, मग यात काहीतरी गंभीर दडलेलं असणार. आणि तो तात्पर्य शोधू लागतो. त्याला ही सवय लावलीय ती शेवटच्या दहा मिनिटांत भाषण देणाऱ्या सिनेमांनी.

परेश मोकाशी यांच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'तही (२००९) हेच दिसतं. दादासाहेब फाळके १९१३ साली पडद्यावर आलेला 'राजा हरिश्चंद्र' कसा उभा करतात, त्याची ही गोष्ट. सिनेमात काम करणं तेव्हा कमीपणाचं समजलं जाई, म्हणून नटांना सांगितलं होतं, की कुणी विचारलं तर 'हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे' म्हणा. 'जिद्दीला फळ येतं' हे तात्पर्य इथे सहज निघतं. पण घरातलं सामान एकेक करून विकलं जातं आणि घरातली माणसं मजेत असतात, तेव्हा आपण त्यांची कीव करणं विसरून जातो. तो प्रत्यय. मला तो त्या जिद्दीपेक्षा मोलाचा वाटतो.

तात्पर्य कमी दर्जाचं असतं असं मात्र नाही. कुलकर्णींच्याच 'देऊळ'मध्ये (२०११) श्रद्धेचा बाजार कसा मांडला जातो, हे ठासून सांगायचंच होतं आणि ते सांगितलंय. तिथे 'काय सांगायचं होतं?' हा प्रश्न अगदी रास्त.

आपण काय घेऊन आलो हे ओळखायची माझी एक साधी पद्धत आहे. दुसऱ्या दिवशी कुणाला तरी फोनवर सिनेमा सांगून बघायचा. एका वाक्यात संपला तर हाती तात्पर्य लागलंय. 'अगं, तो कसा उभा राहतो माहितीये का' असं म्हणत आपण खुर्चीतून उठलो, तर प्रत्यय.

कधी कधी तो उशिरा येतो. त्या संध्याकाळनंतर दोनेक महिन्यांनी आत्याच्या सोसायटीत पाण्याची मोटर जळली. मीटिंगमध्ये जो तो रात्रपाळीच्या वॉचमनकडे बोट दाखवू लागला. मोटर, कुंडीची चोरी, जिन्यातला दिवा, सगळं त्याच्याच माथी. आत्या एरवी मीटिंगमध्ये बोलत नाही. त्या दिवशी ती उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, त्याचा डुरक्या करू नका." अर्ध्या लोकांना काही कळलं नाही. दोघे-तिघे हसले, आणि त्यांतल्या एकानं आधी मोटरवाल्याला बोलावू या असं सुचवलं.