हातगाडीवाली हरली, लाँड्रीवाला जिंकला, असं का?

अमेरिकेत शहराने धंद्यावर नियम आणला की लोक लगेच म्हणतात चौदावी घटनादुरुस्ती आहे ना, सगळ्यांना समान संरक्षण, चला कोर्टात. पण कोर्ट आधी एकच बघतं, लोकांचे गट पाडले ते कशावरून?

न्यू ऑर्लिन्सने 1972 मध्ये फ्रेंच क्वार्टरमधल्या खाण्याच्या हातगाड्या बंद केल्या, सूट फक्त आठ वर्षं किंवा जास्त जुन्यांना. त्यात दोनच बसले, एक हॉट डॉगवाला नि एक आइस्क्रीमवाला, आणि दोन वर्षं गाडी लावणारी बाई बाहेर. केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि 1976 मध्ये तिथे ती हरली. नवा-जुना हा साधा आर्थिक फरक, तिथे 'रॅशनल बेसिस' कसोटी लागते, म्हणजे जुन्या गाड्या त्या भागाची ओळख झाल्यात असं शहराला वाटू शकतं ना, मग बस. शहराच्या मनात खरंच काय होतं हे विचारतच नाहीत, उलट सुचू शकेल असं प्रत्येक कारण खोडायची जबाबदारी आव्हान देणाऱ्यावर. मला हे छोट्या धंदेवाल्यावर फार जड वाटतं.

आता सॅन फ्रान्सिस्को. 1880 चा नियम, लाकडी इमारतीत लाँड्री असेल तर शहराच्या बोर्डाची परवानगी घ्या. आगीची भीती खरी होती, कागदावर चिनी लोकांचा उल्लेखही नाही. पण दोनशेहून जास्त चिनी लाँड्रीवाल्यांनी अर्ज केले ते सगळे फेटाळले आणि चिनी नसलेल्या ऐंशीएक जणांना, एक सोडून, सगळ्यांना परवानगी! यिक वो त्याच जागेत 22 वर्षं लाँड्री चालवत होता, फायर वॉर्डनचा दाखलाही होता, तरी 10 डॉलर दंड, न भरल्यामुळे जेल. 1886 मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने त्याच्या बाजूने निकाल दिला.

आणि हे त्याच्या 22 वर्षांमुळे नाही हं, वंशामुळे. आज वंशावरून गट पाडले तर 'स्ट्रिक्ट स्क्रूटिनी' लागते, तिथे अगदी निकडीचं कारण सरकारलाच सिद्ध करावं लागतं. नियम वरून सगळ्यांना सारखा असेल तर मात्र नुसता परिणाम विषम दाखवून भागत नाही, हेतू दाखवावा लागतो. यिक वोच्या केसमध्ये आकडेच इतके एकतर्फी होते की दुसरा अर्थच निघत नव्हता.

रॅशनल बेसिसमध्ये सरकारच जिंकतं असंही नाही. लुईझियानात मठातले साधू शवपेट्या बनवून विकायचे, राज्याचा नियम म्हणे फक्त लायसन्सवाल्या फ्युनरल होमनीच, म्हणजे अंत्यविधीचा धंदा करणाऱ्यांनीच, विकायच्या. 2013 मध्ये फिफ्थ सर्किटने (सुप्रीम कोर्टाच्या खालचं, त्या भागातलं केंद्रीय अपील कोर्ट) तो पाडला, जुन्या दुकानदारांचा गल्ला सांभाळणं हे एवढंच कारण चालणार नाही म्हणून. टेन्थ सर्किट या तसल्याच दुसऱ्या अपील कोर्टाने मात्र ओक्लाहोमाच्या तशाच नियमात 2004 मध्ये नेमकं उलट म्हटलं होतं.