पॉवर कॉर्ड

पॉवर कॉर्ड म्हणजे एखादा मूळ स्वर आणि त्याचा पंचम एकत्र वाजवून होणारी गिटारची कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा संच. बहुतेक वेळा वरच्या सप्तकातला मूळ स्वरही जोडतात, म्हणजे षड्ज, पंचम आणि तार षड्ज. गंधार मात्र घेत नाहीत. शुद्ध गंधार घेतला की कॉर्ड मेजर होते, कोमल घेतला की मायनर. इथे तो स्वरच नसल्यामुळे पॉवर कॉर्ड दोन्हीकडे खपते. लिहिताना मूळ स्वराच्या पाश्चात्त्य नावापुढे ५ चा आकडा देतात : ई५, ए५, जी५. कॉर्डमध्ये किमान तीन वेगळे स्वर हवेत, असे मानणारे अभ्यासक हिला कॉर्ड म्हणायला तयार नसतात. गिटारवाल्यांनी या आक्षेपाची फारशी फिकीर केलेली नाही.

गंधार वगळण्यामागे डिस्टॉर्शनचे, म्हणजे मुद्दाम फाडलेल्या आवाजाचे, कारण आहे. डिस्टॉर्शनमध्ये ध्वनिलहरींची शिखरे छाटली जातात आणि एकत्र वाजलेल्या स्वरांच्या कंपनसंख्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे स्वर उमटतात. सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड, तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरच्या (फ्रेट म्हणजे गिटारच्या दांडीवरची धातूची आडवी पट्टी) जी५ चे स्वर सुमारे ९८, १४७ आणि १९६ हर्ट्झ असतात. १४७ मधून ९८ वजा केले की ४९ उरतात, आणि तोही जीच, एक सप्तक खालचा. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये गिटारची ही सर्वांत जाड तार मोकळी वाजवली तरी ८२ हर्ट्झच्या खाली जात नाही. वाद्यावर नसलेला हा खर्ज ऐकू येतो, म्हणून दोन-तीन तारांचा आवाज एवढा भरदार लागतो. आता यात शुद्ध गंधार, म्हणजे साधारण १२३.५ हर्ट्झचा बी, घालून पाहावा. त्याची ९८ च्या जीशी वजाबाकी २५.५ येते आणि १४७ च्या डीशी २३.५, हे दोन आकडे एकमेकांशी जुळत नाहीत आणि आवाज गढूळ होतो. फ्रेटवरचा पंचम शुद्ध ३:२ प्रमाणापेक्षा जेमतेम २ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरलेला असतो, तर गंधार त्याच्या शुद्ध ५:४ प्रमाणापेक्षा सुमारे १४ सेंट चढलेला. साध्या, स्वच्छ आवाजात कान हे चालवून घेतो. डिस्टॉर्शनमध्ये ते लपत नाही.

या कॉर्डचा कोणी एक जनक सांगता येत नाही. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकन ब्लूजमधल्या विली जॉन्सन आणि पॅट हेअर यांच्या फाटक्या आवाजातल्या वादनात ती सापडते. लिंक रे याच्या १९५८ मधल्या ‘रंबल’ या वाद्यरचनेने ती ठळकपणे पुढे आणली. १९६४ मध्ये ‘द किंक्स’ या बँडच्या डेव्ह डेव्हिसने एका छोट्या ॲम्पच्या (ॲम्प्लिफायरच्या) स्पीकरचा कागदी कोन ब्लेडने चिरला आणि त्या खरखरीत आवाजात पॉवर कॉर्ड वाजवल्या. ‘ब्लॅक सबाथ’ या बँडचा टोनी आयोमी याची गोष्ट वेगळी. तो डावखुरा. तरुणपणी कारखान्यातल्या अपघातात उजव्या हाताच्या, म्हणजे तारा दाबण्याच्या हाताच्या, दोन बोटांची टोके गेली. त्याने बोटांना टोपणे केली, हलक्या तारा वापरल्या आणि पुढे सूरही खाली उतरवला. हेवी मेटलचा जड आवाज बराचसा त्यातून आला. पंक रॉकवाल्यांनी १९७० च्या दशकात ही कॉर्ड उचलली ती सोपी म्हणून.

सोपी म्हणजे आकार एकच, एवढ्याच अर्थाने. तर्जनी सहाव्या तारेवर मूळ स्वरावर, अनामिका पाचव्या तारेवर दोन फ्रेट पुढे, आणि करंगळी चौथ्या तारेवर अनामिकेच्याच फ्रेटला. हाच आकार पाचव्या तारेपासूनही धरता येतो. मग तो तसाच उचलून सरकवायचा. सहाव्या तारेवर पहिल्या फ्रेटला एफ, तिसऱ्याला जी, पाचव्याला ए, सातव्याला बी, आठव्याला सी आणि दहाव्याला डी, एवढे पाठ झाले की बरेच भागते. तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेमधले अंतर इतर तारांपेक्षा अर्ध्या स्वराने कमी असल्यामुळे चौथ्या तारेपासून कॉर्ड धरल्यास करंगळी आणखी एक फ्रेट पुढे न्यावी लागते. नवखे इथे हमखास फसतात.

खरी मेहनत न वाजणाऱ्या तारांवर करावी लागते. तर्जनीचे टोक दाबायचे आणि उरलेले बोट खालच्या बारीक तारांवर नुसते टेकवून ठेवायचे. दाबले तर त्या वाजतात, उचलले तर झणझणतात. मूळ स्वर पाचव्या तारेवर असेल तेव्हा तर्जनीचे टोक किंचित पुढे काढून सहाव्या तारेला चिकटवायचे. सहाही तारांवरून पिक (तारा छेडायची छोटी चकती) जोरात फिरवून फक्त तीनच स्वर ऐकू आले, तर हात बसला असे समजावे. हे तपासताना डिस्टॉर्शन बंद ठेवून एकेक तार छेडावी. दाबायच्या तारेतून ‘टक्’ असा मुका आवाज आला, तर बोट फ्रेटच्या पट्टीपासून मागे राहिले आहे. आवळून दाबण्यानेही नुकसानच होते : जाड तार ताणली जाऊन सूर चढतो. सरकताना दाब सोडायचा, पण बोटे तारांवरच ठेवायची आणि आकार मोडू द्यायचा नाही.

पाम म्यूटिंगमध्ये पिक धरलेल्या हाताच्या तळव्याची कड ब्रिजपाशी, म्हणजे गिटारच्या अंगावर तारा टेकतात त्या पट्टीपाशी, तारांवर अलगद टेकवतात. हात बोटभर पुढे गेला तर स्वरच मरतो, फार मागे राहिला तर काहीच फरक पडत नाही. मधल्या अरुंद जागेत तो बंदिस्त ‘ढग्-ढग्’ मिळतो. ही जागा प्रत्येक गिटारवर थोडी वेगळी असते आणि कानानेच शोधावी लागते. पिकचे फटके सुरुवातीला सगळे वरून खाली मारावेत. वर-खाली मारल्याने वेग वाढतो, पण ठोक्याचा ठसका कमी होतो.

ड्रॉप-डी ट्यूनिंगमध्ये सहावी तार ई वरून डी वर उतरवतात. मग जाड तीन तारांवर एकच बोट आडवे ठेवले की पॉवर कॉर्ड तयार होते, आणि वेगाने सरकणे फारच सोपे जाते. सहाव्या तारेवरचे पाठ केलेले स्वर मात्र दोन फ्रेट पुढे जातात. जी आता तिसऱ्याऐवजी पाचव्या फ्रेटवर सापडतो.