ॲसाटीगला कॅम्पिंग करायचंय? बुकिंग, पात्रता, कागदपत्रं, सगळं एकदाच वाचून घ्या

उन्हाळा जवळ आला की न्यू जर्सी, मेरीलँड, व्हर्जिनियातल्या आपल्या सगळ्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो, समुद्राकाठी तंबू टाकून राहायचं तर कुठे, आणि कोणीतरी ॲसाटीगचं नाव टाकतं, मग पुढचे दोन दिवस अर्धवट माहितीचा पाऊस. म्हणून हे सविस्तर.

पहिली गोष्ट, जिथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो ती. ॲसाटीग हे एकच बेट आहे, साधारण ३७ मैल लांब, अटलांटिकच्या आणि खाडीच्या मध्ये वाळूची नुसती एक लांबलचक पट्टी. पण त्यावर कारभार तीन जणांचा. उत्तरेकडच्या मेरीलँडच्या भागात नॅशनल सीशोर आहे, म्हणजे केंद्र सरकारचं नॅशनल पार्क सर्व्हिसचं. तिथेच अगदी शेजारी मेरीलँड राज्याचं ॲसाटीग स्टेट पार्क आहे. आणि दक्षिणेकडे व्हर्जिनियात शिंकटीगचं वन्यजीव अभयारण्य. कॅम्पिंग फक्त मेरीलँडच्या बाजूला, व्हर्जिनियाच्या बाजूला अजिबात नाही. बेटावरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाणारा रस्ताच नाहीये, त्यामुळे मॅपमध्ये नुसतं ॲसाटीग टाकून शिंकटीगला पोचलात तर परत मुख्य भूमीवरून वळसा घालून यायला तासाभराहून जास्त ड्रायव्हिंग. ओशन सिटीच्या दक्षिणेला रूट ६११ धरायचा, पुलाच्या अलीकडेच व्हिजिटर सेंटर लागतं, पूल ओलांडला की बेट.

आता नॅशनल सीशोर की स्टेट पार्क, हे बुकिंगच्या आधी ठरवा कारण दोघांची वेबसाइट वेगळी, फी वेगळी, नियम वेगळे, आणि एकाचं बुकिंग दुसरीकडे चालत नाही. नॅशनलवाल्यांचं बुकिंग रिक्रिएशन डॉट गव्ह वर, स्टेटचं मेरीलँडच्या स्टेट पार्कांच्या स्वतःच्या रिझर्वेशन साइटवर. फरक सोप्या शब्दांत सांगायचा तर संडास-बाथरूमचा आहे. स्टेट पार्कला गरम पाण्याचे शॉवर आणि फ्लशचे संडास आहेत, काही साइट्सना वीजही मिळते. नॅशनलकडे केमिकल टॉयलेट, गार पाण्याचा शॉवर, पिण्याच्या पाण्याचे नळ, आणि वीज-पाण्याचं कनेक्शन कुठल्याच साइटला नाही. घरचे ज्येष्ठ किंवा अगदी लहान पोरं बरोबर असतील तर माझं मत सरळ स्टेट पार्क. बाकी मंडळींनी नॅशनल घ्या, तिथे मोकळं वाटतं. खाली जे लिहितोय ते मुख्यतः नॅशनलचं.

नॅशनलमध्येही परत दोन भाग आहेत, ओशनसाइड आणि बेसाइड. ओशनसाइडला वॉक-इन साइट्स म्हणून प्रकार आहे, तिथे फक्त तंबू, गाडी पार्किंगला लावायची आणि सामान हातात घेऊन थोडं चालत जायचं, मध्ये वाळूची टेकडी आणि पलीकडे समुद्र. रात्रभर लाटांचा आवाज हवा असेल तर ह्याच. ड्राइव्ह-इन साइट्समध्ये गाडी साइटपर्यंत येते, आरव्ही (आत राहायची सोय असलेली मोठी गाडी) किंवा ट्रेलरवाल्यांसाठी ते बरं. बेसाइड म्हणजे खाडीकडची बाजू, तिथे सूर्यास्त फार सुंदर दिसतो पण वारा पडला की डास जेवायला बसतात आणि जेवण म्हणजे तुम्ही. नकाशा बघून साइट निवडा, नुसतं पहिलं हिरवं दिसलं ते क्लिक करू नका.

बुकिंग कधी उघडतं

१५ मार्च ते १५ नोव्हेंबर हा रिझर्वेशनचा सीझन. ज्या तारखेला पोचायचंय त्याच्या ६ महिने आधी, ईस्टर्न टाइम सकाळी १० वाजता त्या तारखेचं बुकिंग उघडतं. म्हणजे ४ जुलैला जायचं असेल तर ४ जानेवारीला सकाळी लॅपटॉप उघडून बसायचं, २० सप्टेंबरला जायचं तर २० मार्चला. आणि १० म्हणजे १० च, तत्काळ तिकिटासारखं आहे ते, जुलै-ऑगस्टचे वीकेंड आणि लाँग वीकेंड बघता बघता गायब होतात, विशेषतः समुद्राकडच्या वॉक-इन. अकाउंट आदल्या दिवशीच तयार करून ठेवा, कार्ड सेव्ह करून ठेवा, दोन-तीन साइट नंबर कागदावर लिहून ठेवा, लॉगिन करून ९:५५ ला तयार. पासवर्ड विसरलो, रीसेट करतोय हे १० वाजून २ मिनिटांनी करायचं काम नाही.

१६ नोव्हेंबर ते १४ मार्च रिझर्वेशन नसतं, जो आधी पोचेल त्याला साइट. थंडी आणि वारा झेपत असेल त्यांनीच जावं.

तारखेबद्दल माझं प्रामाणिक मत, ऑगस्टच्या मागे लागूच नका. सावली नावाला नाही, आणि मेच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत डास, चावऱ्या माश्या आणि गोचिड्या असतात, त्यातला भर उन्हाळा सगळ्यात वाईट. एप्रिल, मेचा सुरुवातीचा भाग, नाहीतर ऑक्टोबर घ्या, बुकिंगही त्यामानाने सहज मिळतं. पोरांच्या शाळेमुळे उन्हाळाच धरावा लागणार असेल तर जाळीचा स्क्रीन टेंट न्याच.

कोणाला मिळतं

नागरिकत्वाची, ग्रीन कार्डची, व्हिसाची काहीच अट नाही. एच-वन-बी असो, स्टुडंट असो, भारतातून फिरायला आलेले आईबाबा असोत, कॅम्पिंग सगळ्यांना. बुकिंग करणारा १८ वर्षांचा किंवा त्याहून मोठा असला पाहिजे आणि ज्याच्या नावावर बुकिंग आहे तो माणूस प्रत्यक्ष तिथे हवा. एकाने सगळ्यांसाठी चार साइट काढायच्या आणि स्वतः घरी बसायचं, असं चालत नाही.

एका साइटवर जास्तीत जास्त ६ माणसं आणि २ गाड्या. आता आपल्याकडे दोन कुटुंबं म्हटली की आजीआजोबा धरून दहा-अकरा होतात, मग सरळ दोन साइट शेजारच्या घ्या नाहीतर ग्रुप साइट बघा, ग्रुप साइटवर फक्त तंबू चालतात. एका साइटवर दहा जण कोंबून रेंजर आल्यावर हे नुसते भेटायला आलेत म्हणायचं, हा प्रकार कृपया नको.

पास आणि सवलत, इथे नीट वाचा

साइटचं रात्रीचं भाडं आणि पार्कची एंट्री फी हे दोन वेगळे खर्च आहेत. बुकिंगचे पैसे भरले म्हणजे गेटवर काही द्यावं लागणार नाही असं नाही. गाडीची एंट्री २५ डॉलर, ती ७ दिवस चालते. अमेरिका द ब्युटिफुल नावाचा वर्षभराचा पास असेल तर एंट्री माफ, पण कॅम्पिंगचं भाडं त्याने कमी होत नाही. हा पास २०२६ पासून इथे राहणाऱ्यांना ८० डॉलर आणि बाहेरून आलेल्यांना २५० डॉलर झालाय, इथे राहत असल्याचा पुरावा म्हणून अमेरिकन सरकारी फोटो आयडी लागतो, राज्याचं ड्रायव्हिंग लायसन्सही त्यात धरतात. घरात कोणी चौथीत असेल तर त्या वर्षापुरता मुलाच्या नावाने फुकट पास निघतो, तोही फक्त एंट्रीपुरता.

खरी सवलत सीनियर पासची. वय ६२ पूर्ण, आणि अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक, ह्या दोन्ही अटी पाहिजेत. वर्षाचा २० डॉलर, आयुष्यभराचा ८० डॉलर, आणि ह्यावर नॅशनलच्या कॅम्पिंग भाड्यात निम्मी सूट. इथेच लोक फसतात, बाबा ७० वर्षांचे आहेत मग सूट मिळेलच असं धरून चालतात, पण व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईबाबांना हा पास मिळत नाही, वय कितीही असो. ग्रीन कार्डवर असतील तर मिळतो. कायमचं अपंगत्व असलेल्यांसाठी ॲक्सेस पास आहे, तो फुकट, निम्मी सूट त्यावरही, नागरिकत्व-ग्रीन कार्डची अट तिथेही तीच. सूट घ्यायची तर बुकिंग करतानाच पासचा नंबर टाकायचा आणि ज्याच्या नावाचा पास तो माणूस स्वतः तिथे राहायला हवा. बाबांचा पास वापरून पोरांनी मित्रांबरोबर जायचं, तर नाही.

आणि हो, केंद्राचा कुठलाही पास शेजारच्या स्टेट पार्कला चालत नाही.

कागदपत्रं

फार काही नाही. बुकिंगचं कन्फर्मेशन (प्रिंट काढा किंवा फोनमध्ये स्क्रीनशॉट ठेवा, रेंजवर विसंबू नका), ज्याच्या नावावर बुकिंग आहे त्याचा फोटो आयडी, सूट घेतली असेल तर तो पास आणि पासधारकाचा आयडी, गाडीचा नंबर. गाडी भाड्याची असेल तर नंबर आधी माहीत नसतो, तो पोचल्यावर द्या. आईबाबा भारतातून आले असतील तर त्यांचे पासपोर्ट जवळ असू द्या, कॅम्पिंगसाठी नाही पण घरापासून एवढ्या लांब जाताना असावेत. कुत्रा नेताय तर ६ फुटांपेक्षा लांब पट्टा नको, आणि व्हर्जिनियाच्या बाजूला कुत्र्यांना पूर्ण बंदी आहे, परतताना तिकडे चक्कर मारायचा विचार असेल तर लक्षात ठेवा.

बीचवर गाडी चालवायची असेल तर त्याचं परमिट वेगळं काढावं लागतं आणि गाडीत फावडं, जॅक, जॅकखाली ठेवायची फळी, ओढायचा दोर, टायरचं प्रेशर मोजायचा गेज असं सामान दाखवावं लागतं. पाठीवर सामान टाकून आत चालत जाऊन किंवा खाडीतून कयाकने जाऊन राहायचं असेल तर बॅककंट्री परमिट, तेही वेगळं. तिथे पिण्याचं पाणी मिळत नाही, सगळं स्वतःच वाहून न्यायचं.

पोचल्यावरचे नियम, ज्यांच्यावर दंड बसतो

घोडे. बेटावर ते मोकळे फिरतात. दिसायला गरीब वाटतात पण जंगली आहेत, ४० फूट लांब राहायचं, म्हणजे मध्ये एक स्कूल बस उभी राहील एवढं. हात लावायचा नाही, खायला घालायचं नाही. कूलर टेबलावर ठेवून तुम्ही पाण्यात गेलात तर घोडा येऊन नाकाने झाकण वर करतो आणि ब्रेड, चिवडा, कणसं जे असेल ते साफ, हे गंमत म्हणून सांगत नाहीये. खाण्याचं सगळं गाडीत, काचा बंद, लॉक करून. माणसांच्या खाण्याची चटक लागून एक घोडा इतका अंगावर यायला लागला की २०२२ मध्ये त्याला बेटावरून काढून टेक्ससमधल्या प्राण्यांच्या आश्रयस्थानात पाठवावं लागलं. चूक लोकांची, घर गेलं घोड्याचं.

वाळूच्या टेकड्यांवर चढायचं नाही, आखून दिलेल्या वाटेनेच बीचवर जायचं. पोरं घसरगुंडी करायला धावतात तिथे, थांबवा. त्या टेकड्या आणि त्यांच्यावरचं गवत हेच बेटाचं कुंपण आहे. १९६२ च्या मार्चमध्ये इथे एवढं मोठं वादळ आलं की बेटावर प्लॉट पाडून बांधायला घेतलेली अख्खी वसाहत धुऊन गेली, डांबरी रस्ता तुटला, त्याचे तुकडे लाइफ ऑफ द ड्यून्स नावाच्या पायवाटेवर अजून दिसतात. त्यानंतर १९६५ मध्ये नॅशनल सीशोर झालं. बेट आजही हळूहळू जागा बदलतंय, म्हणून पक्कं बांधकाम टाळून हलवता येतील अशीच टॉयलेटं वगैरे ठेवलीयत. गरम शॉवर का नाही म्हणून कुरकुर करणाऱ्यांसाठी ही माहिती.

तंबूचे नेहमीचे छोटे खिळे वाळूत टिकत नाहीत, पहिल्याच वाऱ्याला उपटून येतात. लांब, रुंद वाळूचे खिळे घ्या. नसतील तर कापडी पिशवी वाळूने गच्च भरायची, तिला दोरी बांधायची, हात-दीड हात खोल खड्ड्यात आडवी पुरायची आणि वरून वाळू दाबून बसवायची, तंबू हलत नाही. शेकोटी साइटवरच्या रिंगमध्ये करा, किंवा बीचवर भरतीच्या रेषेखाली. विझवताना पाणी ओता, वाळू टाकून बुजवू नका. वरून गार दिसतं पण खाली निखारे तासन् तास धगधगत असतात आणि सकाळी अनवाणी चालणाऱ्याचा पाय भाजतो. लाकडं घरून नेऊ नका, झाडांची कीड एका भागातून दुसऱ्या भागात जाते, तिथल्याच परिसरात विकत घ्या. रात्री १० नंतर आवाज बंद, अंताक्षरी त्याआधी उरकून घ्या. वीज कडाडायला लागली तर तंबूत बसू नका, सगळ्यांनी गाडीत.

बुकिंग रद्द करायचं झालं तर

वेळेत रद्द केलं तर १० डॉलर कापून बाकीचे परत. जायच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी केलं तर १० डॉलर अधिक पहिल्या रात्रीचं भाडं गेलं. काहीच न कळवता गेलाच नाहीत तर पहिल्या रात्रीचं भाडं आणि वर २० डॉलर. वादळामुळे पार्कनेच कॅम्पग्राउंड बंद केलं तर सगळे पैसे परत येतात, पण पाऊस होता, वारा होता, डास चावले ह्यावर काही मिळत नाही.

आणि १० वाजता साइट मिळाली नाही म्हणून लगेच नाद सोडू नका. रिक्रिएशन डॉट गव्हवर त्या तारखांसाठी अलर्ट लावता येतो, कोणी रद्द केलं की मेल येतो. जायच्या तारखेच्या आधीच्या एक-दोन आठवड्यात हवामानाचा अंदाज बघून बरेच जण माघार घेतात, तेव्हा मेल आल्या आल्या बुक करा, घरच्यांना विचारून सांगतो म्हणालात की गेली.