ताडपत्र्या आल्या, पण कोणत्या गावाला?

२५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळमध्ये ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. जवळपास नऊ हजार माणसं गेली, लाखो घरं पडली. जगभरातून मदतीची विमानं निघाली आणि काठमांडूच्या एकुलत्या एका धावपट्टीपाशी खोळंबली. जागतिक अन्न कार्यक्रमाने मदतसामानासाठी विमानतळावर उभारलेलं कोठार महिनाभर आधीच सुरू झालं होतं, हे नशीबच.

पण कोठारात माल असला म्हणजे तो डोंगरातल्या माणसाला मिळतोच असं नाही. गरज एका यादीत असते, साठा दुसऱ्या आणि रस्त्यांची हालत तिसऱ्या. तिन्ही जुळल्याशिवाय ट्रक हलवून उपयोग नसतो.

जुळवणं अडतं ते अगदी साध्या गोष्टीवर. समजा, एका संस्थेने लिहिलं, ‘बारपाक, ताडपत्र्या २००’. दुसरीने लिहिलं, ‘वारपाक, ताडपत्री ४ गठ्ठे’. गाव एकच, पण संगणकाच्या लेखी दोन. शिवाय एका गठ्ठ्यात किती नग, हे कुठेच नाही. मग एका गावाला दोनदा माल जातो आणि पलीकडची वाडी कोरडी राहते. यावर उपाय म्हणून संयुक्त राष्ट्रांची यंत्रणा प्रत्येक जिल्ह्याला, गावाला ठरावीक सांकेतिक क्रमांक देते. स्पेलिंग कसंही असो, क्रमांक तोच. ‘कोण, काय, कुठे’ हा सगळ्या संस्थांचा सामायिक तक्ता त्याच क्रमांकांवर जुळतो. उपग्रहाच्या छायाचित्रांची बातमी होते, या क्रमांकांची होत नाही; मला मात्र सगळ्यात मोलाचे तेच वाटतात.

छायाचित्रांचं कामही मोठंच. ‘काठमांडू लिव्हिंग लॅब्ज’ या नेपाळी संस्थेची मंडळी भूकंपाच्या आधीपासून शाळा, दवाखाने ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या कुणालाही भर घालता येणाऱ्या खुल्या नकाशावर नोंदवत होती. भूकंपानंतर जगभरातल्या हजारो स्वयंसेवकांनी घरबसल्या उपग्रहाच्या छायाचित्रांवरून त्याच नकाशावर पायवाटा आणि वस्त्या रेखल्या. तरी वरून छप्पर शाबूत दिसतं, खालची दगडी भिंत ढासळलेली दिसत नाही. ते तिथे गेलेला माणूसच सांगणार. जिथे ट्रक जाईना तिथे हमाल आणि खेचरांवरून धान्य गेलं, आणि कुठली वाट चालू आहे हेही त्या चालणाऱ्यांकडूनच कळत होतं.

अशा प्रत्येक नोंदीवर तारीख हवीच. १२ मे रोजी ७.३ तीव्रतेचा आणखी एक धक्का बसला, नव्या दरडी कोसळल्या, आणि आदल्या दिवशी ‘चालू’ म्हणून नोंदलेल्या वाटा पुन्हा तपासायला माणसं धाडावी लागली.