हज कुणावर फर्ज? अनुदानाच्या वादामागची पार्श्वभूमी

हज म्हणजे मक्केच्या यात्रेसाठी भारत सरकार देत असलेलं अनुदान २०१८ मध्ये पूर्ण बंद झालं. तरी पुण्यात हजचा विषय निघाला की गाडी अजून अनुदानावरच येते. 'सरकारच्या पैशाने यात्रा' असं काही जण म्हणतात. 'तो पैसा आमच्या हाती कधी आलाच नाही' असं काही जण ऐकवतात. या तंट्यात हज कशासाठी करायचा असतो हे बाजूलाच राहतं. खरं तर वादाचं मूळ तिथेच आहे.

कुराणात (३:९७) हज फर्ज, म्हणजे बंधनकारक धर्मकर्तव्य, आहे तो तिथवर पोहोचण्याची ऐपत असलेल्यांवर. ऐपत म्हणजे नुसतं तिकिटाचे पैसे नव्हेत. कर्ज फिटलेलं हवं, मागे राहणाऱ्या घरच्यांच्या पोटापाण्याची सोय हवी, तब्येत धड हवी, वाट सुरक्षित हवी आणि खर्चाचा पैसा हलालीचा, म्हणजे सचोटीने कमावलेला, हवा. म्हणून मोमीनपुऱ्यातला किंवा भवानी पेठेतला माणूस हजला निघतो तेव्हा आधी उधाऱ्या चुकत्या करतो. मग नातेवाईक, शेजारी, अगदी बोलणं तुटलेल्या भावाच्याही दारात जाऊन 'कहा-सुना माफ करो' म्हणतो. अल्लाह स्वतःविषयीच्या कर्तव्यातल्या चुका माफ करील, पण माणसाचं देणं माणसालाच द्यावं लागतं, अशी त्यामागची श्रद्धा. हजचा निम्मा अर्थ मला या दारांवरच उलगडताना दिसतो.

उरलेला अर्थ मक्केजवळच्या अराफातच्या मैदानात. प्रेषित मुहम्मदांनी इ.स. ६३२ मध्ये केलेला हज सर्वांसाठी नमुना ठरला. विधी बरेचसे जुनेच, प्रेषित इब्राहीम, त्यांची पत्नी हाजरा आणि मुलगा इस्माईल यांच्या आठवणींशी जोडलेले. पण एक बदल फार मोलाचा. मक्केतले कुरैश टोळीचे लोक स्वतःला काबाचे मानकरी समजत आणि अराफातपर्यंत न जाता अलीकडच्या मुजदलिफातच थांबत. बाकीचे लोक जिथून परततात तिथूनच तुम्हीही परता, अशी आज्ञा आली (२:१९९) आणि हा मान संपला. जिलहिज्ज या हिजरी वर्षातल्या शेवटच्या महिन्याच्या ९ तारखेला अराफातवर हजेरी लागली नाही, तर हज झालाच नाही. अंगावर न शिवलेली दोन पांढरी कापडं घेतलेल्या पुरुषांत तिथे मालक कोण आणि हमाल कोण, हे ओळखू येत नाही.

ऐपतीचा प्रश्न आपल्याकडे जुनाच. अकबराच्या काळी सुरतेहून जहाजं सुटत, पण समुद्रावर पोर्तुगिजांचा परवाना लागे आणि त्यावर येशू-मेरीच्या प्रतिमा असत. वाट अशी असेल तर हज फर्जच उरत नाही, असा फतवा दरबारातल्या एका बड्या आलिमाने (धर्मपंडिताने) दिला होता. पुढे आगबोटी आल्या, मुंबई हे मुख्य बंदर झालं आणि परतीच्या भाड्याअभावी जेद्दात अडकणाऱ्या गरीब यात्रेकरूंचा प्रश्न इंग्रज सरकारपुढे उभा राहिला. मुंबईहून हजची शेवटची बोट १९९५ मध्ये गेली.

अनुदान जन्मलं ते बोटीकडून विमानाकडे वळताना, १९७० च्या दशकात. तेल भडकलं होतं आणि विमानाचं भाडं सामान्य यात्रेकरूला झेपणारं नव्हतं. भाड्यातला फरक सरकारने सोसायचा ठरलं. ही रक्कम यात्रेकरूला मिळत नसे, विमान कंपनीला जाई. यात्रेकरूला कंपनी निवडता येत नसे आणि हंगामातलं भाडं चढं लागे. १९९४ मध्ये साधारण साडेदहा कोटी असलेला हा खर्च २०११ पर्यंत ६८५ कोटींवर गेला. तो बंद करा, असं मुस्लिम समाजातले अनेक जण स्वतःच म्हणत होते, हे टीकाकार सहसा सांगत नाहीत.

२०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे अनुदान घटनेच्या कलम २७ च्या (एखाद्या धर्माच्या प्रसारासाठी कर भरण्याची सक्ती नको, असं सांगणाऱ्या) विरोधात नाही, असा निकाल दिला. मे २०१२ मध्ये त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने दहा वर्षांत ते टप्प्याटप्प्याने संपवा आणि पैसा समाजाच्या शिक्षणासाठी वापरा, असं सांगितलं. ते सांगताना ऐपतीची तीच आयत (कुराणातलं वचन) उद्धृत केली. आपल्या हजच्या खर्चाचा मोठा भाग सरकार उचलतं हे कळलं तर अनेक यात्रेकरूंनाच ते रुचणार नाही, असंही म्हटलं.

निर्णय योग्य होता. पण त्यासाठी आयतीची गरज नव्हती, भाड्याचा हिशेब पुरेसा होता. आयत हज कुणावर फर्ज ते सांगते. ऐपत नसलेल्याने दुसऱ्याच्या मदतीने केलेला हज ती बाद ठरवत नाही. निकालानंतर मात्र 'अनुदानाचा हज कबूल होत नाही' असं सर्रास बोललं जाऊ लागलं आणि आयुष्यभर पै-पै साठवून हज करून आलेल्या म्हाताऱ्यांना ते ऐकून घ्यावं लागलं. हा त्यांच्यावर अन्याय होता.

अनुदान गेलं त्याच वर्षी ४५ वर्षांवरील बायकांना महरमशिवाय (पती किंवा ज्याच्याशी लग्न होऊ शकत नाही अशा जवळच्या पुरुष नातेवाइकाशिवाय) चौघींच्या गटाने जाण्याची मुभा मिळाली. कोकणी मुस्लिमांच्या शाफई या सुन्नी धर्मशास्त्रीय परंपरेत विश्वासू बायकांच्या सोबतीने फर्ज हजला जाण्याची वाट आधीपासून होती, त्यामुळे त्यांना हे नवखं वाटलं नाही. २०२० आणि २०२१ मध्ये महामारीमुळे परदेशांतून येणाऱ्या यात्रेकरूंना दारच बंद राहिलं. २०२४ च्या उन्हाळ्यात मक्केत पारा ५० अंशांच्या पुढे गेला आणि १३०० हून अधिक यात्रेकरू दगावले. त्यातले बहुतेक विनापरवाना आलेले, तंबू-बसची सोय नसलेले होते.

हिजरी चांद्र कालगणनेत अधिक मास नसल्याने हज दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकतो. २०२२ आणि २०२३ मध्ये आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आल्या होत्या. मग आपल्याकडे अधिक श्रावण आला आणि दोन्हींची फारकत झाली. आता हज भर उन्हाळ्यातून बाहेर पडून पुढे हिवाळ्याकडे जाणार आहे. पुण्याहून हजची विमानं सुटत नाहीत, मुंबई गाठावी लागते. हजची वाट पाहणाऱ्या इथल्या वयस्कर अर्जदारांना त्या गारव्याचा मोठा आधार होईल.