ज्ञानाधारित अर्थव्यवस्था आणि कौशल्यशिक्षण : ठाणे–नवी मुंबई

जमीन, कच्चा माल आणि मनगटातले बळ यांपेक्षा माणसाची माहिती, कसब आणि कल्पकता यांतून जिथे अधिक मोल निर्माण होते, ती ज्ञानाधारित अर्थव्यवस्था. फ्रिट्झ माखलुप या अर्थतज्ज्ञांनी १९६२ मध्ये अमेरिकेतील ज्ञाननिर्मितीचा हिशेब पैशांत मांडला, तेव्हापासून ही कल्पना अर्थशास्त्रात रुळू लागली. त्याच वर्षी, १ ऑगस्टला, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) स्थापन झाले आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटमधून त्याचे काम सुरू झाले. पुढची साठ वर्षे ठाणे आणि खाडीपलीकडचा पट्टा यंत्रांकडून ज्ञानाकडे सरकत गेला. शिक्षण मात्र त्याच वेगाने सरकले नाही. या नोंदीचा विषय तोच आहे.

ठाण्यात आजही रिक्षावाल्याला ‘नितीन कंपनी’ किंवा ‘गोल्डन डाईज’ एवढे सांगितले की पुरते. कारखान्यांची नावे नाक्यांना चिकटली ती कायमची. खाडीच्या पूर्वेला दिघ्यापासून तुर्भ्याच्या पुढेपर्यंत, ठाणे–बेलापूर रस्त्याच्या कडेने रसायने, औषधे आणि अभियांत्रिकीचे कारखाने उभे राहिले. नंतर त्याच पट्ट्यात महाप्याचे मिलेनियम बिझनेस पार्क, कोपरखैरण्याची धीरूभाई अंबानी नॉलेज सिटी आणि ऐरोलीचे माइंडस्पेस आले. वाशीत तर रेल्वे स्थानकाच्या इमारतीतच माहिती तंत्रज्ञान कंपन्यांना जागा मिळाली. नोव्हेंबर २००४ मध्ये ठाणे–तुर्भे–वाशी मार्गावर लोकल धावू लागली आणि फिटर व संगणक अभियंता एकाच डब्यातून कामाला जाऊ लागले.

या बदलाचा अर्थ पुष्कळदा ‘कारखाने गेले, संगणक आले’ असा लावला जातो. तो अपुरा आहे, कारण जे कारखाने टिकले त्यांतले काम आतून बदलले. रसायनाच्या प्लांटमध्ये पूर्वी ऑपरेटर व्हॉल्व्ह हाताने फिरवी आणि पाइपला कान लावून पंपाचा आवाज ओळखी. आता तो कंट्रोल रूममध्ये पडद्यासमोर बसून तापमानाचा आणि दाबाचा आलेख वाचतो. आलेख का चढतो आहे, हे कळण्यासाठी त्याला रसायनशास्त्र यावे लागते, आणि शिफ्ट संपताना लॉगबुकात चार ओळी नेमक्या लिहाव्या लागतात. आयटीआयमध्ये (औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत) यासाठी ‘अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट’ हा दोन वर्षांचा स्वतंत्र ट्रेड आहे.

आयटीआयचे शिक्षण ‘अभ्यासात कच्च्या’ मुलांसाठी, हा समज घराघरांत आहे आणि तो फार नुकसान करतो. फिटरच्या पहिल्या वर्षाचा वर्ग जवळून पाहावा. बेंच व्हाइसमध्ये लोखंडाचा तुकडा पकडलेला असतो आणि मुलगा कानशीने तो घासत असतो. थोडे घासून तो ट्राय स्क्वेअर (काटकोन तपासण्याची पट्टी) लावतो आणि उजेडाकडे धरतो. पात्याखालून प्रकाशाची रेघ दिसली की पृष्ठभाग सपाट नाही, पुन्हा घास. मग व्हर्नियर (बारीक माप घेण्याचे साधन) लावून मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागापर्यंत माप घ्यायचे. ही मोजमापाची शिस्त म्हणजेच ज्ञान. हाच मुलगा पुढे सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) यंत्रावर टूल ऑफसेट, म्हणजे हत्याराच्या मापातली दुरुस्ती, भरतो तेव्हा ती कामाला येते. हात आणि डोके वेगळे मानणारी शाळा त्याला हे कधी सांगत नाही.

सुधारणेचे प्रयत्न जुने आहेत. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा. २०१४ मध्ये तो सैल केला गेला. २०१९ च्या नियमांनुसार ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांनी एकूण संख्येच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक झाले. महाराष्ट्राने १९८८ च्या सुमारास अकरावी-बारावीला एमसीव्हीसी (किमान कौशल्यावर आधारित) हे व्यवसाय अभ्यासक्रम आणले. कल्पना चांगली होती, पण कला, विज्ञान आणि वाणिज्य या शाखांचा मान तिला मिळाला नाही. राज्याच्या कौशल्य विद्यापीठाला २०२४ मध्ये रतन टाटा यांचे नाव दिले गेले.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये एक बोचरी आकडेवारी आहे. बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या अंदाजानुसार भारतात १९ ते २४ वयोगटातील कामगारांपैकी ५ टक्क्यांहून कमी जणांनी औपचारिक व्यवसायशिक्षण घेतले होते. जर्मनीत हे प्रमाण ७५ टक्के, दक्षिण कोरियात ९६. म्हणूनच धोरणाने २०२५ पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसायशिक्षणाची ओळख करून देण्याचे उद्दिष्ट ठेवले. सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे जाऊन शिकावे, असेही त्यात सुचवले आहे. ठाणे–नवी मुंबईच्या शाळांना या दहा दिवसांसाठी दूर जायला नको, एमआयडीसी रिक्षाच्या अंतरावर आहे.

खरी तफावत भाषेची आणि ओळखीची आहे. नवी मुंबई ९५ गावांच्या जमिनीवर वसली. शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये उरणजवळच्या जासई परिसरात जमिनीच्या मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनात पाच शेतकरी हुतात्मा झाले आणि पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. भूखंड मिळाला, पण तो घर देतो, कसब देत नाही. काचेच्या इमारतीत आगरी-कोळी घरातल्या मुलाच्या हाताला पहिले काम लागते ते बरेचदा सुरक्षेचे किंवा हाउसकीपिंगचे. मराठी माध्यमातून गणित उत्तम केलेली मुलगी मुलाखतीत अडते ती इंग्रजी वाक्यापाशी. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ पासून अभियांत्रिकी मराठीतही शिकवण्याची वाट मोकळी केली, ही मोठी गोष्ट आहे. पण तिच्यासोबत कामाच्या जागेची इंग्रजी वेगळी, धीराने आणि न लाजवता शिकवली गेली पाहिजे.

नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. विमान देखभाल अभियंत्याच्या परवान्याकडे जाणारी वाट बारावीच्या भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणितातून जाते आणि त्यापुढे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या परीक्षा असतात. विमानतळासाठी उलवे, तरघर, चिंचपाडा इथली घरे हलली. तिथल्या ज्या मुलांना तिथल्या हँगरमध्ये (विमान दुरुस्तीच्या शेडमध्ये) पाना हातात धरायचा आहे, त्यांचा निकाल आठवी-नववीच्या गणिताच्या तासाला आणि प्रयोगशाळेला कुलूप आहे की नाही यावरच लागतो.